मोटरच्या पेटीतला नंबर

प्रिय अहो,

तुमचा रिचार्ज शुक्रवारी संपतोय. ते सांगायला हे पत्र. खरं तर असलं काही फोनवर सांगायचं असतं, पण तुम्हाला फोन लावला की पेटीतली ती बाई उचलते आणि म्हणते, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन दाबा. नवऱ्याशी बोलायला किती दाबायचं ते ती सांगत नाही. म्हणून कागद घेतला.

'प्रिय' लिहिताना हात अडखळला बघा. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही, आणि उखाण्यापुरतं सोडलं तर नावही घेतलं नाही. माझ्या फोनमध्येसुद्धा तुम्ही 'निखिलचे पप्पा' आहात. निखिल नाव टाकत होता तेव्हा मीच म्हटलं होतं, नाव नको टाकूस बाबा, बरं दिसत नाही. तो हसला होता. "आई, फोनला काय कळतंय?"

कळतं की नाही, ते आता मला विचारा.

आज शाळा सुटल्यावर स्टँडजवळच्या सविताच्या दुकानात गेले. तीच ती, बांगड्या, झेरॉक्स आणि रिचार्ज एकाच टेबलावर ठेवणारी. माझी विद्यार्थिनी, त्यामुळे अजून मला बघून उभी राहते.

"बाई, कुठला मारू? रोजचा दीड जीबीवाला?"

"मोटरच्या पेटीला हवाय गं. मोटर काय रील बघत बसणार आहे?"

"मंग नुस्ता बोलायचा घ्या. त्यो अठ्ठावीस दिसाचा हाय, तीन महिन्याचा हाय, आन् येकदम वर्साचा बी हाय. नंबर सांगा."

मी सांगितला. तो मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. तिनं टाकला आणि मग तिचं बोट थांबलं.

"बाई, ह्यो तर तात्यांचा नंबर हाय."

"हो."

"मारू का?"

"थांब. विचारून सांगते."

"कुणाला?" सविता म्हणाली. मी पर्स उचलली आणि घरी आले. आता तुम्हीच सांगा, कुणाला विचारू?

तुम्हाला रिचार्जचं काही विचारायचं म्हणजे आगीशी खेळ होता. सबंध सणसरमध्ये तुमच्याइतका चिकट माणूस रिचार्जच्या बाबतीत दुसरा नव्हता. बियाणाला हात सैल, भिगवणहून चिलापी मासे आणायचे तर दोन घरांना पुरेल एवढी, पण फोन म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी. "अठ्ठावीस दिसाचा महिना कुठल्या पंचांगात असतो गं? तू मास्तरीण हायेस, तू सांग." मी काय सांगणार? दर वेळी तोच सगळ्यात लहान रिचार्ज, आणि तोही बंद पडल्यावर एक दिवस उपास घडवून.

आणि आपल्या त्या रिंगा. फोन उचलला तर मिनिटं जातात म्हणून तुम्ही नुसती रिंग द्यायचात. एक रिंग म्हणजे निघालोय, चहा ठेव. दोन रिंगा म्हणजे येत नाही, डबा मळ्यात पाठव. पुढं बोलणं फुकट झालं, सगळ्या गावानं तासन् तास गप्पा मारायला सुरुवात केली, तरी तुमच्या रिंगा चालूच. मी एकदा रागानं म्हटलं होतं की कधी तरी माझा आवाज ऐकावासा वाटत नाही का? तुम्ही म्हणालात, "घरी आल्यावर ऐकतोयच की, बंद कुठं असतोय?"

असा माणूस. आणि तुम्ही जायच्या आधीच्या आठवड्यात काय केलंत? सविताकडं जाऊन वर्षाचा रिचार्ज मारून आलात. मला सांगितलंसुद्धा नाही. ती मला नंतर भेटायला आली तेव्हा रडत म्हणाली, "बाई, तात्या म्हनलं, वर्साचाच मार, सारखं सारखं कोन येनार?" सगळं आयुष्य अठ्ठावीस दिवसांच्या पुढं न बघणाऱ्या माणसाला एकदम वर्षाची सोय का करावीशी वाटली? तुम्हाला काही कळलं होतं का? कळलं होतं तर रिचार्ज करून येण्याऐवजी डॉक्टरकडं का गेला नाहीत? छातीत दुखतंय म्हणतानासुद्धा तुम्ही गाडी करू दिली नाहीत. सुभाष भावजींच्या मागं मोटरसायकलवर बसून बारामतीला गेलात, आणि आलात ते शववाहिकेतून.

त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. तुम्ही तिथं होतातच.

पण दहाव्याचं लिहिते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. नीरेच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर बाभळीवर पाच-सहा बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. उन्हाचा कडाका. निखिल म्हणाला, आईला कधी एकटं टाकणार नाही. कावळा ढिम्म. माझा भाऊ म्हणाला, पाव्हणं, वर्षश्राद्धात काही कमी पडू देणार नाही. तेवढ्यात एक कावळा उडाला आणि पलीकडं जाऊन बसला. भावजींनी हात जोडून सांगितलं की बांधावरून कधी भांडण काढणार नाही. बायका कुजबुजायला लागल्या. कुणाकुणाच्या मनात भलतंसलतं आलं असणार, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. तात्यांचा कशात जीव अडकलाय?

आणि तेव्हा निखिलच्या खिशात तुमचा फोन वाजला.

बारामतीच्या मार्केटातला कुणीतरी होता, ढोबळी मिरचीचा माल उद्या किती येणार विचारत होता. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. निखिलनं कसंबसं दोन शब्द बोलून फोन ठेवला. मग भावजी पुढं झाले, डोळे मिटले, आणि एकदम बोलून गेले, "दादा, तुजा नंबर बंद करनार न्हाय. चालूच ठिवतो. शबूद देतो."

कावळा खाली आला. वाट बघत असल्यासारखा सरळ आला आणि भातात चोच घातली.

बायकांनी पदर डोळ्याला लावले. घरी येईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, तात्यांचा जीव फोनात होता. मला त्या दुःखातही वाटलं, कुणाचा? ह्यांचा? जे फोन धान्याच्या कोठीवर विसरून दोन-दोन दिवस हिंडायचे, त्यांचा? पण कावळ्यापुढं कोण बोलणार?

आता नंबर चालू ठेवायचा म्हणजे काय करायचं? तुमचा फोन कपाटात पडून. वर्षाचा रिचार्ज आत नुसता वाळत चाललेला. महिन्या-दीड महिन्यानं विहिरीवरच्या मोटरच्या पेटीतल्या सिमची मुदत संपली. तुम्हीच बसवून घेतली होतीत ती पेटी, फोनवरून मोटर चालू-बंद करायची, म्हणजे रात्री-अपरात्री उसाच्या कडेनं विहिरीपर्यंत जायला नको. भावजींनी हिशेब केला. पेटीला नवा रिचार्ज कशाला, दादाचं सिम रिकामंच पडलंय. शब्दही पाळला जाईल आणि रिचार्जही वाचेल. कपाटातून फोन काढला, सिम काढलं, पेटीत घातलं. एका दगडात दोन पक्षी. तुमचेच भाऊ ते.

फक्त मला सांगायचं राहिलं.

त्या दिवशी मी लासुर्ण्याच्या शाळेत चौथीला भागाकार शिकवत होते. टेबलावर फोन थरथरला. बघते तर 'निखिलचे पप्पा'.

अहो, माझ्या हातातला खडू पडला. मुलं बघत होती म्हणून मी ओरडले नाही एवढंच. व्हरांड्यात आले, उचलला. तिकडून एक बाई म्हणाली, "लाईट आली आहे. मोटर चालू झाली आहे." आणि फोन बंद.

आधी घाम फुटला. मग, खोटं कशाला बोलू, राग आला. एवढ्या दिवसांनी फोन, आणि तोही दुसऱ्या बाईच्या आवाजात?

संध्याकाळी भावजींना धारेवर धरलं. ते गोठ्यातच होते. "वैनी, तुमास्नी सांगायचं ऱ्हायलंच बगा," म्हणाले आणि कानाला हात लावला. मग समजावलं. पेटीत पहिला नंबर तुमचा होता, लाईट आली की ती तुम्हाला कळवायची. आता तुमचा नंबर तिच्याच पोटात, म्हणून ती दुसऱ्या नंबराला फोन करते. दुसरा नंबर माझा. तुम्हीच टाकलेला. मी म्हटलं, काढा ते सिम. भावजी म्हणाले, "काढतो की. पर मंग नंबर कुठं ठिवू?"

ठेवू दे म्हटलं तिथंच. कारण दुसऱ्या दिवशी मी फोनची वाट बघत होते.

हसू नका. आठवड्याभरात मला सवय झाली. एक आठवडा लाईट दिवसाची, एक आठवडा रात्रीची, त्याप्रमाणे तुमचा फोन. रात्रपाळीच्या आठवड्यात फोन उशीखाली ठेवायचे. दिवसपाळीच्या आठवड्यात मुलांना पाढे लिहायला देऊन व्हरांड्यात यायचे. ती बाई बोलून व्हायच्या आत मी दोन शब्द घुसवायचे. निखिलला बढती मिळाली. पेरूच्या बागेला फुलं धरलीत. माझा गुडघा सुजलाय. कधी तुमच्याशी एवढं बोलले होते का मी? जिवंतपणी तुम्ही ऐकून घेत नव्हतात, आता निदान मधे तोडत नव्हतात.

मग एके दुपारी फोन वाजला आणि दोन रिंगांत थांबला.

पेटी असं करत नाही. उचलेपर्यंत वाजत राहते. मी परत लावला तर ती बाई म्हणाली, मोटर चालू आहे. काही बिघाड असेल म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी परत तेच, जेवायच्या वेळेला. दोन रिंगा, आणि शांत. मी त्या दिवशी घरीच होते. उभी राहिले ओट्याशी. मग भाकरी बांधली, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि भावजींच्या हाती मळ्यात पाठवली. ते म्हणाले, "कुनासाठी वैनी? आज बाया न्हाईत कामाला." मी म्हटलं, न्या तर खरं. संध्याकाळी डबा रिकामा परत आला. विचारलं नाही कुणी खाल्ला. भावजींनी खाल्ला असेल, कुत्र्यानं खाल्ला असेल. त्यांनीही सांगितलं नाही.

पण अमावस्येचं मी विसरू शकले नाही.

तुमच्या घरात अमावस्येला बैल जुंपत नसत. बैल गेले, मोटर आली, तर तुम्ही ती सुट्टी मोटरला दिलीत. पिकं करपली तरी अमावस्येला मोटर बंद. मी चेष्टा करायचे, मोटरला सुट्टी आणि मला? तुम्ही म्हणायचात, "तुला शाळंची हाय की रविवारची." आणि स्वतः जेवून विहिरीवरच्या जांभळाखाली ताणून द्यायचात. महिन्यातून तेवढा एक दिवस.

आता पेटी ऑटोवर असते. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते, कुणी काही करायचं नाही. आषाढ अमावस्येला फोन आला. "लाईट आली आहे. मोटर बंद आहे." भावजी म्हणाले एखादा फेज गेला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं सुरळीत. पुढच्या अमावस्येला तेच. त्याच्या पुढच्या अमावस्येलाही तेच, तेव्हा मी भावजींना भिगवणहून मिस्त्री आणायला लावला. त्यानं पेटी उघडली, तारा तपासल्या, परत लावली.

"पेटी झ्याक हाय, बाई."

"मग अमावस्येला का चालत नाही?"

तो हसला. माझ्याकडं बघितलं आणि हसायचा थांबला. "बाई, ह्या पेटीला तारीखच कळत न्हाय. तिला अमावस्या कुठनं कळंल?"

पैसे न घेताच गेला तो. तिथं थांबायचं नव्हतं त्याला.

मागच्या अमावस्येला मी रजा टाकली आणि विहिरीवर गेले. भर दुपार. ऊस दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला, पान हलत नव्हतं. लाईट आलेली, पेटीवर हिरवा दिवा, आणि मोटर गप्प. हौद कोरडा. जांभळाखाली सावली पडली होती आणि तिथं कुणी नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं, वाळलेली पानंसुद्धा कुणी चुरडलेली नव्हती.

त्या पेटीत अजून एक सोय आहे, तुम्हीच मला दाखवली होतीत. केबल चोरीला जायला लागल्या तेव्हाची. तीन दाबलं की विहिरीपाशी काय आवाज चाललेत ते घरबसल्या ऐकू येतात. मी तिथंच उभी राहून तुमचा नंबर लावला. ती बाई बोलली. मी तीन दाबलं.

आधी खरखर. मग माझ्याच बांगड्यांचा आवाज, माझाच श्वास, थोडा उशिरानं. मी श्वास धरला.

एक श्वास चालूच राहिला.

सावकाश, जड. आत जाताना घर्र, बाहेर येताना शेवटी बारीक शिट्टी. विहिरीच्या कपारीत पारवे असतात, ते घुमतात, मला माहीत आहे. मी शेतातच वाढलेली आहे. पण पारवा शेवटी शिट्टी मारत नाही. ज्या घोरण्यापायी मी इतकी वर्षं कानात कापूस घालून झोपले, ते मला ओळखू येणार नाही का?

मी फोन कानाला लावून जांभळाकडं बघत उभी होते. तिथं फक्त सावली. कानात मात्र तुम्ही गाढ झोपलेले. मला भीती वाटली का? वाटली. पण हाक मारावीशी वाटली नाही, कारण तुम्ही इतके दमलेले वाटत होतात. तुमचं सुगीतलं घोरणं वेगळं असायचं, अंगातलं सगळं संपल्यावरचं. हे तसं होतं. मी पाऊल न वाजवता घरी आले.

आणि घरी येऊन मग रडले. कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं आम्ही काय केलंय ते. जन्मभर पाण्याच्या पाळ्या करून करून तुमची हाडं झिजली. हिवाळ्याच्या रात्री पाण्याची दारं धरायला तुम्ही जायचात, मी गोधडीत. मेल्यावर तरी माणसाला सुटका असते म्हणतात. आणि आम्ही तुम्हाला नेऊन पुन्हा मोटरीवर बसवलं. लाईट येईल तेव्हा उठायचं, मोटर चालू करायची, बायकोला कळवायचं. दिवसपाळी, रात्रपाळी. महिन्यातून एक अमावस्या सुटी. आणि कशासाठी? तर एक रिचार्ज वाचतोय म्हणून.

कावळा शब्दाला शिवला की भाताला, हे कुणी विचारलं होतं तुम्हाला? फोन मार्केटवाल्याचा वाजला. शब्द भावजींनी दिला. यात तुमचं काय होतं? तुम्ही मागितलं होतं का काही?

निखिल परवा आला होता. त्याचं वेगळंच. त्याला कुणीतरी सांगितलंय की आई मळ्यात जाऊन फोनवर बोलत बसते. "आई, वर्ष होत आलं. आता सोड. नंबर पप्पांच्या नावावर आहे, पुढं चालू ठेवायचा तर रीतसर तुझ्या नावावर करावा लागेल, त्याला मृत्यूचा दाखला लागतो." ऐकलंत? मेल्याचा दाखला दाखवून नंबर जिवंत ठेवायचा. "आणि नाही ठेवला तर?" मी विचारलं. तो म्हणाला, "तर काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी देते."

दुसऱ्या कुणाला. कुठंतरी एक अनोळखी माणूस तुमच्या नंबरावरून हॅलो म्हणणार. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एक मन म्हणत होतं, तीन महिन्यांचा तरी मार, निदान पावसाळा होईपर्यंत. अहो, मला तुमच्या फोनची सवय लागलीय. शुक्रवारनंतर माझ्या फोनवर तुमचं नाव येणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बधिर होते. आता शुद्धीवर आहे, आणि या वेळी तुम्हाला मीच घालवायचं आहे.

भावजींना सांगायचंच होतं. आज सविताच्या दुकानातून आल्यावर गोठ्यात गेले. ते म्हशीखाली बसले होते.

"भावजी, मी सिम काढतेय. नंबर बंद पडू द्यायचा."

धार थांबली. "वैनी, कावळ्याला दिल्याला शबूद हाय. मोडला तर पोराबाळांस्नी भवंल."

"शब्द मोडल्याचं माझ्या माथी. तुमच्या पोरांना काही होणार नाही. पण मला एक सांगा, तुम्ही कधी तीन दाबलंय का?"

त्यांनी वर बघितलं नाही. बादलीत एक माशी पडली होती ती बोटानं काढली.

"लय दिस झालं, वैनी. म्या तीन दाबायचं सोडून दिलंय."

"काय ऐकलंत?"

भावजींनी बादली बाजूला ठेवली. मग डोळे बाहीला पुसले आणि म्हणाले, "काडा त्ये कार्ड. दादाला लय राबवला आपुन."

तर असं ठरलंय. तुम्हाला विचारून सांगते म्हटलं होतं सविताला, पण विचारायचं काही उरलं नाही, आता फक्त सांगतेय. उद्या मी पेटीसाठी नवीन सिम घेणार, माझ्या नावावर, माझ्या आधारवर. रिचार्ज कुठला घ्यायचा तेही ठरवलं. वर्षाचा नको. वर्षाचं कुणी काही ठरवू नये. तुमचाच तो अठ्ठावीस दिवसांचा, नुसता बोलायचा, सगळ्यात लहान. संपला की पुन्हा जाईन सविताकडं. तेवढंच बाहेर पडणं होईल. फोनमध्ये तो नंबर 'मोटर' म्हणूनच टाकणार, दुसरं काही नाही.

जुनं कार्ड देवघरात ठेवणार नाही, नदीतही सोडणार नाही. निखिल म्हणाला कात्रीनं कापायचं असतं. कापीन. माझ्यानं नाही झालं तर भावजींना सांगेन.

आणि 'निखिलचे पप्पा' हे नाव फोनमधून काढून टाकणार आहे. पुढं कधी तुमचा नंबर घेतलेल्या माणसाचा चुकून फोन आला, तर मी त्याला 'अहो' म्हणून हाक मारायला नको. तुम्ही समजून घ्या. तुम्हाला रुसायची सवय आहे म्हणून आधीच सांगतेय.

शुक्रवारी लाईट दुपारची आहे. मी अर्धी रजा टाकलीय. पेटी त्या दिवशी बंदच ठेवणार, नवं कार्ड दुसऱ्या दिवशी घालू. मी स्वतः चालत विहिरीवर येईन आणि स्टार्टरचं हिरवं बटण माझ्या बोटानं दाबीन. गुडघा दुखला तरी येईन. मिरचीला पाणी मी देईन, पेरूला मी देईन, पाळी चुकू देणार नाही, हा माझा शब्द. हा कावळ्याला नाही, तुम्हाला दिलाय.

एवढंच करा. लाईट आली तरी उठू नका. झोपा. मी बघते.

तुमची,
शालन